खलास

“बॉम्ब टाकले नसते, तर वॉर अजून चाललं असतं,” यशश्री आरशासमोर उभी राहून म्हणाली. “अजून लाखो लोक मेले असते. म्हणून टाकणं बरोबरच होतं.”

“बरोबर,” सोफ्यावरून सुगंधा म्हणाली. “एकदाच काय तो टाकावा आणि मोकळं व्हावं.”

“आई, एवढं अँग्री नाही बोलायचं. मार्क्स कट होतात.”

उद्या शाळेत डिबेट होती. महायुद्ध संपवायला अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं की नव्हतं. आठवीतल्या यशश्रीच्या चिठ्ठीत ‘योग्य होतं’ आलं होतं.

सुगंधाचं निम्मंच लक्ष होतं. बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज तिनं तिसऱ्यांदा सुधारला होता. ‘समोरच्या झरीनबाई सगळ्यांना सांगतात की गाडीच्या लायसनच्या टेस्टची तारीखच मिळत नाही. तारीख सात वेळा मिळाली. सातही वेळा त्यांनी रिव्हर्स घेताना ड्रम पाडले.’ पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन पिवळे चेहरे.

सातव्यांदा ड्रम पडला तेव्हा झरीन याच सोफ्यावर बसून रडली होती. सातचा आकडा सुगंधाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. झरीनच्या नवऱ्याला तीनच टेस्ट माहीत होत्या.

भांडण कढीपत्त्यावरून झालं. सुगंधा पंधरा दिवस नाशिकला जाताना कुंडी समोर झरीनकडे ठेवून गेली आणि आली तेव्हा कुंडीत नुसत्या काड्या. मस्कतमधल्या हमरियाच्या उन्हात तीन वर्षं जगवलेलं झाड. सुगंधा नको ते बोलली. मग चार दिवस दोन्ही दारं बंद. शेवटी परवा तिनंच मेसेज केला, ‘आता आपलं बोलणं बंदच का?’ एरवी पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्या झरीनचं लेखी उत्तर आलं. एका शब्दाचं.

‘खलास.’

यशश्री कागद घेऊन शेजारी येऊन बसली. “आई, समोरची टीम एक पॉइंट आणणार. त्याला काय आन्सर देऊ? जपानला आधी सांगितलं होतं, सरेंडर करा. तर त्यांच्या पीएमनी एकच वर्ड म्हटला. मोकुसात्सु.”

“म्हणजे?”

“तेच ना! दोन मीनिंग आहेत. एक, आत्ता आम्ही काही बोलत नाही. आणि दुसरं, तुमच्याकडे आम्ही लक्षच देत नाही. इंग्लिशमध्ये दुसरं गेलं. मग नऊ दिवसांनी…” तिनं कागदावर बोट ठेवलं. “काही लोक म्हणतात, तसंही टाकलाच असता. पण आई, त्या दिवशी शाळेतली मुलं रस्त्यावर काम करत होती. माझ्याएवढी.”

“परत कुणी विचारलं नाही?”

“काय?”

“की बाबा, तुला नेमकं म्हणायचंय काय.”

यशश्रीनं कागद उलटून पाहिला. “इथे नाही लिहिलंय.”

सुगंधानं फोनकडे पाहिलं. “यशू, खलास म्हणजे काय गं?”

“खलास? डन. सगळे बसले की बसचे अंकल म्हणतात ना, खलास, यल्ला. डन, चला.”

“मी मराठीत विचारतेय.”

“मराठीत पण आहे?”

ते अरबी खलास सुगंधाही रोज ऐकायची, भाजीवाल्याकडून, टॅक्सीवाल्याकडून. पण झरीन दापोलीची. तिच्याशी सगळं बोलणं मराठीत. आणि मराठीत एकदा खलास झालेला माणूस काही उठून बसत नाही.

ती उठली. फोन गाऊनच्या खिशात टाकला, मेसेज तसाच ठेवून. बेलवरचं बोट काढायच्या आत समोरचं दार उघडलं.

“आलीस?” झरीन म्हणाली. “दोन दिवस वाट बघतेय गो. खलास लिवलं तरी तुझा पत्ता नाय.”

“खलास म्हणजे काय, झरीन?”

“म्हंजे काय म्हंजे? झालं, मिटलं, सोड आता. पंचवीस वर्षं मस्कतात काढली, दुसरं काय तोंडात येणार? बोलायला गेले की रडू येत होतं, म्हणून लिवलं.”

“आमच्याकडे माणूस मेला की म्हणतात.”

झरीननं कपाळावर हात मारला. “अल्ला! म्हंजे तू समजलीस, दोस्ती मेली? अगो, भांडण मेलं, भांडण!”

सुगंधा चपलांच्या स्टँडवरच बसली. हसू थांबत नव्हतं.

झरीन आत जाऊन लबनचा, म्हणजे ताकाचा, एक जुना डबा घेऊन आली. डब्यात माती आणि मातीत बोटाएवढं रोप. पाच काड्या, पानं मोजकीच, पण वास ओळखीचा.

“सलालाहून मागवलंय. ह्यांच्या भावानं अख्खे हजार किलोमीटर मांडीवर धरून आणलं. तू मेसेज केलास ना, तेव्हा हे बसमध्ये होतं.”

सुगंधानं हात पुढे केले. तिनं डबा छातीशी धरला.

“आणि काय गो,” झरीन म्हणाली, “ग्रुपवर मघापासून सुगंधा टायपिंग, सुगंधा टायपिंग दिसतंय. एवढं काय लिहीत होतीस?”

“रेसिपी.”

“कसली?”

“कढीची.”

“मग टाकली का नाहीस?”

“नाही टाकली,” सुगंधा म्हणाली.

तिनं खिशातून फोन काढला आणि पुसायच्या बटणावर अंगठा दाबून धरला. आधी हसरे चेहरे गेले. मग ड्रम गेले, मग सात. झरीनचं नाव गेलं. शेवटी ‘समोरच्या’ एवढाच शब्द राहिला, तोही गेला. चौकोन रिकामा झाला, तरी तिनं अंगठा उचलला नाही.