कोरलेलं नाव

समुद्रात बुडालेल्या बोटीतून निघालेला स्टीलचा तांब्या बोटीच्या कंपनीच्या माणसानं सोलापुरात निंगव्वाच्या हाती दिला. बोटीवर यंत्रं सांभाळणाऱ्या लेकाचा पत्ता नव्हता. लेक निघताना तिनं कीर्तनात बुवांपुढं ठेवायचा घरचा तांब्या त्याचं नाव कोरून त्याला दिला होता. “ह्यावर नाव न्हाय. आमचा न्हवं ह्यो. माजा शिवू कुटंतरी हाय की!” निंगव्वा म्हणाली. “मावशी, खाऱ्या पाण्यातले जिवाणू कोरलेल्या रेघांत घर करतात, तिथूनच स्टील खातात, वर गंजाचा थर चढून नाव झाकलं जातं,” कंपनीचा माणूस म्हणाला. “स्टीलला कुटं कीड लागती व्हय?” ती शेजारी उभ्या नवऱ्याकडं बघून हसली. “पर कुण्या आईचा असंल, रिकामा कसा माघारी देऊ?” तिनं तांब्यात पाणी ओतलं. तांब्याच्या पोटावर बारीक भोकांतून थेंब पाझरले आणि रेघेरेघेनं अक्षरं उमटली: ‘शिवू’. नवऱ्यानं दोन्ही तळवे त्यावर दाबले. पाणी बोटांतून गळतच राहिलं. “अवं, घट्ट धरा की!” निंगव्वा ओरडली.