मैनेच्या डोळ्याखाली

"वाचा ना वहिनी, मोठ्यानं वाचा," शंकरराव म्हणाले. "तुमच्याच हातचं हाय."

त्यांनी पुस्तक उघडं धरून अन्नपूर्णाबाईंच्या नाकासमोर आणलं. मुखपृष्ठावर अन्नपूर्णाबाई देशमुख स्वतःच होत्या, मैना घोडीवर ताठ बसलेल्या. तीन वर्षं हे पुस्तक दिवाणखान्यात काचेआड होतं. धाकट्या दिरानं त्याला कधी हात लावला नव्हता. आज मात्र पान एकशे बारा बरोबर सापडलं होतं, लाल पेनाची रेघ मारून.

तबेल्यापुढे पिकअप गाडी उभी होती, मागची फळी उतरवलेली. घोड्यांचा व्यापारी उकंडराव मैनेला न्यायला दोर घेऊन फळीजवळ थांबला होता. दाराशी वंदना, शंकररावांची बायको, आणि तेरवीला आलेले चार पाहुणे. तेरवी कालच झाली होती. अन्नपूर्णाबाईंचे यजमान, थोरले देशमुख, उंद्रीहून चिखलीला जाताना गाडीतच छातीत कळ येऊन गेले. घोडी तेव्हा इथं तबेल्यात कुटार खात होती. तरी दोष घोडीवरच आला.

अन्नपूर्णाबाईंनी वाचलं नाही. त्यांना ते पाठ होतं. डोळ्याखाली केसांचा भोवरा असलेली घोडी मालकाचा जीव घेते, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यापुढे ऐटीत जोडलं होतं, माझ्या मैनेला तो भोवरा आहे आणि मी रोज तिच्यावर बसते. नागपूरच्या क्लबात त्या वाक्याला काय टाळ्या पडल्या होत्या!

"मी रोज बसत होते ना तिच्यावर? मला काय झालं?" त्या म्हणाल्या.

"बसत तुमी होत्या, वहिनी. मालक दादा होता. कागद पाहा, कोनाच्या नावानं हाय."

अन्नपूर्णाबाई संतापल्या. त्या उकंडरावाकडे वळल्या.

"उकंडराव, धाड गावच्या बाजारात तुम्हीच हे सांगितलं होतं मला. खरं होतं का ते?"

उकंडराव दोर या हातातून त्या हातात करत राहिला.

"आता तुमाले काय सांगू बाईसाहेब. घेताना तसं बोलावं लागते. भोवरा दाखवला का समोरचा ढिला पडते. इकताना आमी त्याच भोवऱ्याले लक्ष्मी म्हनतो. तुमी वही काढून लिवून घेऊन राह्यल्या होत्या, मंग मी बी सांगत गेलो."

पाहुण्यांतलं कोणीतरी हसलं. अन्नपूर्णाबाईंची कानशिलं तापली. चाळीस वर्षं घोड्यावर बसलेली बाई, आणि दलालाच्या घासाघिशीला शास्त्र म्हणून छापून मोकळी झाली. भोवऱ्यामुळे कोण मेलं, कधी मेलं, एका शब्दानं विचारलं नव्हतं. वाक्य झोकदार होतं, घेतलं.

"ऐकलं भाऊजी? मी चूक लिहिलं. सगळ्यांसमोर सांगते, साफ खोटं लिहिलं."

"छापलं तवा काऊन नाई म्हटलं खोटं?" शंकररावांचा आवाज चढला. "तवा हार घेतले, शाली घेतल्या. आता दादा गेला तं खोटं? उकंडराव, सोडा घोडी."

"ताई, नका ना अडवू," दारातून वंदना म्हणाली. "घरात लेकरं हायेत आमची. असं अवदसेचं जनावर कोन ठेवते?"

बोलताना तिची नजर घोडीवर नव्हती. अन्नपूर्णाबाईंच्या मोकळ्या कपाळावरून ती खाली उतरली, मग पुन्हा वर गेली. तेरा दिवस घरातल्या बाया अशाच बघत होत्या. पाणी देताना, ताट वाढताना, बोलता बोलता गप्प होताना.

उकंडरावानं पुढे होऊन मैनेच्या खुंट्याची गाठ सोडली. अन्नपूर्णाबाईंनी झेप घेतली आणि दोर त्याच्या हातातून हिसकावला. मैना दचकून मागं सरली. त्यांनी दोराचा वेढा स्वतःच्या मनगटाला घातला, पिकअपच्या फळीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर ओढून खाली टाकला. क्लबातली भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"इकडे या उकंडराव. जवळ या. घोडी पाहून झाली तुमची, आता माह्यं थोबाड पाहा. डोयाखाली, गालावर, कुठं भोवरा हाय तो या लोकाईले दाखवून द्या. म्हंजे एकाच खेपेत दोघीलेही घेऊन जाता येईन."

उकंडरावानं मान खाली घातली. शंकररावांनी पुस्तक मिटलं.

वंदना मात्र दारातून दोन पावलं पुढे आली होती आणि अन्नपूर्णाबाईंच्या डोळ्याखाली निरखून पाहत होती.