सात कडव्यांचं गीत

"ख्रिस्तप्रसादाच्या वेळी सात कडव्यांचं गीत कशाला?" गायनाच्या सरावाला आलेल्या नव्या फादरांनी विचारलं. "ख्रिस्तशरीराचा, म्हणजे या प्रसादाचाच सण आहे. यंदा आधी गायनवृंद प्रसाद घेईल, मग एखादं लहान गीत गाईल."

बेनेडिक्ताची बोटं पेटीवरच थबकली. दर मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, लोक प्रसादाच्या रांगेत उभे राहत, तेव्हा ती पेटी वाजवत बसे. रांग सरली तरी गीत सरत नसे, आणि ती का उठली नाही, हे कुणी विचारत नसे. तिच्या नवऱ्याची पहिली बायको हयात होती. बेनेडिक्ताचं आणि त्याचं लग्न कचेरीत लागलेलं, चर्चने न मानलेलं. त्यामुळे प्रसाद तिला वर्ज्य होता. या गावात तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मग पेटी कोण वाजवणार, फादर?" ती कशीबशी म्हणाली.

"तेवढा वेळ शांतता राहील. आणि रांगेत पहिला मान तुमचा, बाय. इतकी वर्षं सेवा केलीत."

तिने गीतांच्या पुस्तकाची पानं उलटायला सुरुवात केली.

"शांतता? आमच्या गावात?" गायनवृंदातले म्हातारे पास्कूमामा मागून म्हणाले. "पेटी थांबली, की लोक भाताच्या पेरणीवर बोलायला लागतात, फादर. बायला उठवू नका. सातही कडवी होऊ द्या."

फादर हसले आणि कबूल झाले.

तिने सुटकेचा श्वास सोडून गायनवृंदाकडे पाहिलं. सगळ्यांनी पुस्तकात माना घातल्या होत्या. एकाचीही नजर तिच्याकडे वळत नव्हती. तेव्हा तिला कळलं, इतकी वर्षं सगळे जाणूनच सातही कडवी गात आले होते.