दुसऱ्या कळपातला नर

"दिवसभर मांडीवर लॅपटॉप घेऊन खोट्या जनावरांची लग्नं लावते!" सगुणाक्का सुनेबद्दल साऱ्या आळीला सांगत. सून अगदी खऱ्यासारखी जनावरं पाळायचा खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती. आज मात्र ती डोळे पुसत बसली होती. खेळातल्या अठरा जनावरांच्या कळपाला महिनाभर एकही पिल्लू झालं नव्हतं, आणि सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तिची नोकरी जाणार होती.

आक्कांना राहवेना. चष्मा लावून त्या पडद्यापाशी वाकल्या. कोण कुणाशी जुळलं, किती वेळा, सुनेनं सगळं टिपलं होतं. पण अठराही जनावरांचा उजवा कान सारखाच मुडपलेला! चाळीस वर्षं शेळ्या राखलेल्या नजरेला तेवढं पुरलं.

"अगं, ही सगळी एकाच बापाची! भावाबहिणींत पिल्लं कशी धरणार? दर दोन वर्षांनी मी बोकड बदलायचे ते काय हौस म्हणून?"

सुनेनं दुसऱ्या कळपातला नर आणून सोडला. रविवारी पडद्यावर तीन पिल्लं धडपडत उभी राहिली, ताठ कानांची. सून हसत-रडत आक्कांच्या गळ्यात पडली.

आक्कांचाही जीव भांड्यात पडला होता, पण आवाज तोच. "पुरे! इथून पुढं स्थळ मला दाखवल्याशिवाय एकसुद्धा लग्न लावायचं नाही."