चौदा फरक

आठ वाजून पन्नास मिनिटांनी घड्याळबाईंनी पडताळणीची खोली उघडली. दोन्ही पडदे कोरड्या फडक्याने पुसले, पेन्सिलीला टोक काढले, स्टॉपवॉच शून्यावर आणले. या स्टॉपवॉचमुळेच साऱ्या वाहिनीत त्यांना हे नाव पडले होते. डाव्या पडद्यावर त्यांनी इथल्या प्रश्नांच्या खेळाचा भाग लावला, उजव्यावर त्याच खेळाचा समुद्रापलीकडचा भाग. दोन्हींतले फरक टिपायचे, हे त्यांचे गेल्या आठ दिवसांचे काम होते.

उजवीकडे उत्तर चुकले की स्पर्धकाच्या पायाखालची फळी सरके. तो खालच्या गाद्यांवर आदळे आणि प्रेक्षक खदखदून हसत. डावीकडे सूत्रसंचालक मामा जागेवरून उठत, हरलेल्याला खुर्ची देत आणि विचारत, "हे उत्तर सुचलं कसं तुम्हाला?" तो सांगे, आणि मग टाळ्या पडत.

साडेनऊला भांडारातल्या माणसाने कराराची जुनी फाईल धूळ झटकून आणून दिली. ती त्यांनी सावकाश, दोनदा वाचली. तोवर चहा निवून गेला.

दहाला साहेब आले. ते चार महिन्यांपूर्वीच रुजू झाले होते.

"किती निघाले?"

"चौदा."

"झकास. नकलेत दहाच्या वर फरक गेले की करारानुसार नोटीस. महिन्याभरात सुधारा, नाहीतर बंद करा. मामांना घरी बसवायला आता कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत."

"करार पाहता का? फाईल इथंच आहे."

"सारांश वाचलाय मी. एवढं बाड कोण वाचणार?" त्यांनी उजव्या पडद्याकडे बोट केले. "त्यांचा थाट बघा. आणि आपल्याकडे हरलेल्याची विचारपूस, जणू दवाखान्यात भेटायला गेलोय."

"मुळात काय आहे आणि नकलेत काय बिघडलं, एवढंच लिहू ना?"

"एवढंच. पण मामांची दया येऊन एखादा फरक गाळलात, तर तुमचीही खुर्ची जाईल."

"एक अक्षर गाळणार नाही," त्या त्यांच्या डोळ्यांत पाहत म्हणाल्या.

साहेबांनी कोऱ्या रकान्यांच्या नोटिशीखाली सही ठोकली. "रकाने तुम्ही भरा, आणि नक्कल करणाऱ्यांचा करारात जो पत्ता असेल, त्यावर धाडा."

ते गेले तसे मामा दारात उभे राहिले. अर्ध्या चेहऱ्याला रंग लागलेला, कॉलरमध्ये रुमाल खोचलेला.

"चौदा म्हणे?"

"चौदा."

"चारेक कमी होतील का? नाही, आपला भाव करून बघतो."

"नाही व्हायचे."

मामा हसले, पण ते हसू पुरते उमटले नाही. "नऊ वर्षांपूर्वी आधीच्या सूत्रसंचालकानं दाखवलं, तसं करत आलो. आपली नक्कल पहिल्यापासूनच चुकली असेल. पण बाई, माणसाला खड्ड्यात पाडून वर हसणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. काढायचं तर खुशाल काढू देत."

"आजचं चित्रीकरण नेहमीसारखं करा."

"म्हणजे शेवटचं?"

"नेहमीसारखं म्हणाले मी. खुर्ची द्यायला विसरू नका."

"दगड आहात तुम्ही," मामा म्हणाले आणि रुमाल सावरत निघून गेले.

घड्याळबाईंनी दार लोटून घेतले. साहेबांना सगळे सांगता आले असते. पण मग फाईल परत भांडारात गेली असती आणि फळी इथेही सरकू लागली असती. त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवून शाईचे पेन उघडले. चौदाही फरक सुवाच्य अक्षरात उतरवले, एकेक सेकंद पुन्हा तपासला. लिफाफा चिकटवला, टपाल नेणाऱ्याच्या हाती दिला, पोच घेतली. मग त्या खाली स्टुडिओत जाऊन प्रेक्षकांत बसल्या.

तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या करारात हा खेळ विकणाऱ्यांचा पत्ता याच इमारतीचा होता, आणि विकत घेणाऱ्यांचा समुद्रापलीकडचा. म्हणून 'मूळ' या रकान्यात त्यांनी चौदाही वेळा मामांची रीत लिहिली होती, आणि महिन्याभरात सुधारा नाहीतर बंद करा, ही साहेबांच्या सहीची नोटीस समुद्रापलीकडे निघाली होती.