तिसावा डाव

मास्तरांनी वजीर थेट उघड्यावर नेऊन ठेवला आणि पडद्याला म्हणाले, "घे बाबा, खा एकदाचा."

कॉम्प्युटरनं तीन सेकंद विचार केला आणि कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं शाळेत बुद्धिबळ शिकवताना त्यांनी नाना तऱ्हेचे ठोंबे पाहिले होते, पण याला तोड नव्हती. म्हणून त्याचं नावच त्यांनी ठोंब्या ठेवलं होतं.

हा ठोंब्या सूनबाईच्या कंपनीनं घडवलेला. "तीस डाव खेळायचे, बाबा," ती म्हणाली होती. "आम्ही काय तपासतोय ते मात्र विचारायचं नाही. खेळणाऱ्याला ते सांगत नसतात."

न विचारताही मास्तरांना कळलंच की. बुद्धिबळ खेळणारं यंत्र जिंकतं का, हेच बघणार. दुसरं काय!

पहिले पंचवीस डाव त्यांनी आरामात मारले. स्वारी भलतीच खुशीत होती. मग एका सकाळी सूनबाईचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. "तीस डावांत सिद्ध झालं नाही, तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. आमचा विभागच बंद होईल."

मास्तरांच्या हातातला चहा निवून गेला. आपण पोरीच्या पोटावर पाय देतोय! आता हरायचं, त्यांनी ठरवलं.

पण ठोंब्या जिंकेल तर शपथ! हत्ती दिला, घेतला नाही. राजा मोकळ्यावर काढला, तर हा दुसरीकडेच घोडा नाचवत बसला. आणि आज, या शेवटच्या डावात, मास्तरांपुढे नियमानं एकच चाल उरली. नेमकी तिनंच ठोंब्यावर मात होत होती. त्यांनी ती जड हातानं खेळली आणि कॉम्प्युटर बंद केला.

संध्याकाळी सूनबाई आली तेव्हा ते दारातच उभे होते.

"माझं चुकलं गं पोरी. मी..."

"बाबा, पास झालो! विभाग राहिला!" तिनं हसत त्यांचे दोन्ही हात धरले.

"अगं, पण तो एकही डाव जिंकला नाही!"

"जिंकायचं नव्हतंच त्याला. नवशिक्यांचा हुरूप वाढावा म्हणून मुद्दाम हरायचं आणि समोरच्याला कळू द्यायचं नाही, एवढंच शिकवलंय आम्ही. तीसच्या तीस डाव तो मुद्दाम हरला, बाबा, आणि तुमच्यासारख्या पट्टीच्या खेळाडूला साधी शंकासुद्धा आली नाही!"