नर्सबाईंची सुटका

लेकाच्या मारेकऱ्याला कोर्टात नर्सबाईंनीच बोट दाखवून ओळखलं होतं. त्यानंतर बारा वर्षं चर्चमध्ये प्रार्थनेतली क्षमेची ओळ आली, की त्या ओठ मिटून घ्यायच्या. पाळकसाहेब सारखं सांगायचे, "बाई, क्षमा केल्याशिवाय तुमची सुटका नाही."

शेवटी मन घट्ट करून त्या तुरुंगात गेल्या. जाळीपलीकडे तो बसला होता, ऐन चाळिशीत केस पांढरे झालेले.

"पोरा, तुला माफ केलं. आज सुटले मी."

त्याचे डोळे भरून आले. "बरं झालं आलात, मावशी. मीही तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

"मला? मी काय केलं?"

 

"त्या दिवशी तुम्ही ज्याला पळताना पाहिलंत, तो दुसराच कुणीतरी होता, मावशी."